फॅरेडेचे तिकीट

१८१२ सालची गोष्ट. लंडनमध्ये रिबो नावाच्या गृहस्थाच्या दुकानात पुस्तकबांधणीची उमेदवारी करणाऱ्या एका वीस वर्षांच्या मुलाला दुकानाच्या गिऱ्हाइकाने चार व्याख्यानांची तिकिटे दिली. गिऱ्हाइकाचे नाव विल्यम डान्स, व्याख्याता हंफ्री डेव्ही, जागा आल्बेमार्ल स्ट्रीटवरील रॉयल इन्स्टिट्यूशन. मुलगा लोहाराचा. शाळा जेमतेम झालेली. जे काही शिकला ते बांधणीसाठी येणारी पुस्तके वाचून. सभागृहात घड्याळाच्या वरच्या बाजूला गॅलरीत बसून त्याने चारही व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, घरी येऊन ती आकृत्यांसह सविस्तर लिहिली, आपल्याच हातांनी बांधली आणि तो सुमारे तीनशे पानांचा ग्रंथ डेव्हीकडे पाठवून दिला. १८१३ च्या मार्चमध्ये त्याला त्याच संस्थेत प्रयोगशाळेचा साहाय्यक म्हणून नोकरी मिळाली. तो मुलगा मायकेल फॅरेडे.

ही कथा आपल्याकडे 'जिद्द आणि चिकाटी' या सदराखाली सांगितली जाते. त्यात खोटे काही नाही. परंतु ती पुन्हा पुन्हा वाचताना आमचे लक्ष प्रत्येक वेळी त्या तिकिटापाशी अडते. डान्सने तिकीट दिले नसते तर? जिद्द होतीच, चिकाटीही होतीच; पण ज्याच्या हातून त्या काळी पोटॅशियम आणि सोडियम ही मूलद्रव्ये प्रथम वेगळी झाली होती, त्या माणसासमोर बसण्याची सोय जिद्दीतून निर्माण होत नाही. ती कुणीतरी करून द्यावी लागते. शाळकरी मुले आणि प्रत्यक्ष संशोधनात गुंतलेला शास्त्रज्ञ यांची समोरासमोर गाठ घालून देण्याच्या प्रयत्नांना आता दोनशे वर्षे होऊन गेली. त्या प्रयत्नांचा इतिहास हा एका अर्थाने या तिकिटाचाच इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्याने सुरू झाली १८२५ साली. स्वतः फॅरेडेने १८२७ ते १८६० या काळात अशा एकोणीस व्याख्यानमाला दिल्या. त्यांपैकी मेणबत्तीवरची माला सर्वांत प्रसिद्ध. १८६१ साली ती विल्यम क्रुक्सने पुस्तकरूपाने संपादित केली. मेणबत्ती ही वस्तू राजवाड्यातही असते आणि झोपडीतही. तिची ज्योत का तेवते, तिच्यात काजळी कुठून येते, जळून गेलेले मेण जाते कुठे, त्यातून पाणी कसे निघते, आणि अखेरीस आपल्या श्वासाचे या जळण्याशी काय नाते आहे, असा तो प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर प्रयोग. आणि श्रोत्यांनी घरी जाऊन तो करून पाहावा, ही अपेक्षा.

या व्याख्यानांबाबत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. व्याख्यानाचे सभागृह आणि फॅरेडेची प्रयोगशाळा एकाच इमारतीत होती. सभागृह वर, प्रयोगशाळा तळघरात. १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लागला तो याच तळघरात. मुलांसमोर उभा राहणारा माणूस जिना चढून वर आलेला असे आणि व्याख्यान संपले की जिना उतरून पुन्हा कामाला लागे. त्याच्या बोलण्यात जी ताजी वाफ होती ती या जिन्यामुळे होती. दुसऱ्याने लावलेला शोध तिसऱ्याने समजावून सांगणे आणि ज्याचे हात अजून त्या कामात आहेत त्याने बोलणे यांत केवळ अधिकाराचा फरक नाही. पहिल्या प्रकारात विज्ञान हे झालेले असते. दुसऱ्यात ते होत असते.

पण वरच्या सभागृहात बसत कोण? अलेक्झांडर ब्लेक्ली या चित्रकाराने १८५५ सालच्या नाताळ व्याख्यानाचे चित्र काढले आहे. त्यात फॅरेडेसमोर राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट आणि दोन राजपुत्र बसलेले दिसतात. तिकीट मिळाले म्हणून जो लोहाराचा मुलगा शास्त्रज्ञ झाला, त्याच्याच व्याख्यानाला पुढच्या रांगेत राजघराणे. यात फॅरेडेला दोष देण्याचा हेतू नाही. त्याला मुलांची मनापासून आवड होती आणि त्याच्या साधेपणाविषयी कुणाला शंका नाही. तरीही जिथे तिकीट आहे तिथे ज्यांना ते मिळते आणि ज्यांना ते मिळत नाही असे दोन वर्ग आपोआप पडतात, हे त्या चित्रातून नजरेत भरल्याशिवाय राहत नाही.

ही गोष्ट बदलण्याचा प्रयत्न त्याच इमारतीत शंभर वर्षांनी झाला. लॉरेन्स ब्रॅग हा वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १९१५ साली, वडिलांसमवेत नोबेल पारितोषिक मिळवणारा शास्त्रज्ञ. पन्नाशीच्या दशकात तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला आणि त्याने शाळांतील मुलांसाठी प्रयोगांसह व्याख्याने नियमित सुरू केली. १९६५ सालापर्यंत वर्षाला वीस हजार मुले या व्याख्यानांना येत होती. त्याच साली त्याच इमारतीतील प्रयोगशाळेत डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी लायसोझाइम या विकराची त्रिमितीय रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. विकराची रचना अशी प्रथमच कळत होती. म्हणजे तो जिना अजून वापरात होता, आणि वर बसणाऱ्यांत आता बसने आणलेली साधी शाळकरी मुले होती. १९६६ पासून नाताळ व्याख्याने दूरचित्रवाणीवर नियमित दिसू लागली, तेव्हा तिकिटाचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पण पडद्यावर पाहणाऱ्या मुलाला हात वर करता येत नाही. एक अडचण सुटली ती दुसरीला जन्म देऊन.

पॅरिसमध्ये १९३७ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या निमित्ताने ज्याँ पेराँ याने 'पॅले द ला देकूव्हेर्त' उभे केले. अणूंचे अस्तित्व प्रयोगांनी निर्विवाद सिद्ध करणारा हा भौतिकशास्त्रज्ञ तेव्हा फ्रान्सच्या सरकारात संशोधनाचा कारभार पाहत होता. त्याच्या संग्रहालयात जुनी यंत्रे काचेआड मांडलेली नव्हती. प्रेक्षकांसमोर प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवले जात. संग्रहालय म्हणजे वस्तूंचा संग्रह ही कल्पना तिथे बाजूला पडली आणि संग्रहालय म्हणजे घडणाऱ्या घटनेची जागा ही कल्पना रुजली. पुढे १९६९ साली फ्रँक ओपनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'एक्सप्लोरेटोरियम' काढले ते याच वाटेने. तिथे तर समजावून सांगण्याचे कामच शाळकरी वयाच्या मुलामुलींना दिले गेले.

आता आपल्या देशाकडे येऊ. २२ डिसेंबर १९६८ रोजी अहमदाबादेत विक्रम साराभाई यांच्या कल्पनेतून आकाराला येत असलेल्या सामुदायिक विज्ञान केंद्राच्या पायाभरणीसाठी चंद्रशेखर वेंकट रामन आले होते. भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी शाळांतील मुलांशी आणि शिक्षकांशी थेट संबंध ठेवावा, ही साराभाईंची धारणा. त्यातूनच हे केंद्र निघाले. रामन तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. पायाभरणीच्या भाषणांत जे असते ते, म्हणजे राष्ट्रउभारणी, भावी पिढी इत्यादी, त्यांना सहज बोलता आले असते. त्यांनी त्याऐवजी एक प्रश्न घेतला: आकाश निळे का?

हे भाषण पुढे पुस्तिकारूपाने छापले गेले व बऱ्याच वाचकांना ते ठाऊक असेल. प्रकाशाच्या विकिरणाचे उत्तर पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येते. रामन त्या दोन ओळींकडे घाई करीत नाहीत. ते श्रोत्यांना चांदण्या रात्रीकडे घेऊन जातात. चंद्राचा प्रकाश हा सूर्याचाच परावर्तित प्रकाश, मग पौर्णिमेच्या रात्री आकाश निळे का दिसत नाही? ते निळेच असते. परंतु मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग जाणवत नाहीत. म्हणजे जो प्रश्न आकाशाचा वाटत होता तो अर्धा डोळ्याचा निघाला. प्रश्नाला असे अनपेक्षित वळण मिळताना पाहणे, हा त्या श्रोत्यांचा खरा लाभ.

आणि हे वळण आले कुठून? आयुष्याच्या अखेरच्या दशकात रामन दृष्टी व रंगसंवेदना यांवरच संशोधन करीत होते. १९६८ सालीच त्यांचा त्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२१ साली जहाजातून परतताना समुद्राच्या निळाईने ज्यांना कामाला लावले, त्यांच्या मनात सत्तेचाळीस वर्षांनंतरही निळा रंग तसाच जागा होता. रंगदृष्टीविषयीची त्यांची मते मात्र शास्त्रज्ञांच्या जगाने स्वीकारली नाहीत. आमच्या दृष्टीने ही गोष्ट त्या व्याख्यानाचे मोल कमी करीत नाही, उलट वाढवते. नोबेल पारितोषिकाचा मानकरी मुलांसमोर आला तो आपल्या सिद्ध झालेल्या कीर्तीची आठवण सांगायला नव्हे, तर ज्यात आपण चुकू शकतो अशा चालू कामाच्या तंद्रीत. त्या तळघराचा जिना अहमदाबादेत असा अचानक भेटतो.

यानंतरचा मोठा टप्पा समुद्रात घडला. १ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकेचे रॉबर्ट बॅलार्ड आणि फ्रान्सचे ज्याँ-लुई मिशेल यांच्या संयुक्त मोहिमेला उत्तर अटलांटिकच्या तळाशी 'टायटॅनिक'चे अवशेष सापडले. बातमी पसरली आणि बॅलार्ड यांच्याकडे शाळकरी मुलांच्या पत्रांचा अक्षरशः पाऊस पडला, हजारो पत्रे. बहुतेकांचे म्हणणे एकच: पुढच्या वेळी आम्हांलाही न्या. अशा पत्रांना छापील आभारपत्र पाठवून मोकळे होता आले असते. बॅलार्ड यांनी मुलांचे म्हणणे शब्दशः मनावर घेतले. इतकी मुले जहाजावर नेता येणार नाहीत. पण जहाज मुलांकडे नेता येईल काय?

१९८९ साली 'जेसन' प्रकल्पाची पहिली मोहीम भूमध्य समुद्रात निघाली. ग्रीक पुराणातील सोनेरी लोकर शोधायला निघालेल्या नायकाचे हे नाव पाण्याखालच्या यंत्रमानवालाही दिलेले होते. व्यवस्था अशी: यंत्रमानवाचा कॅमेरा समुद्राच्या तळाची दृश्ये टिपे, ती प्रकाशतंतूच्या केबलने वर जहाजावर येत, जहाजावरील ॲन्टेना ती उपग्रहाकडे पाठवी, आणि तिथून ती अमेरिका व कॅनडातील बारा संग्रहालयांच्या सभागृहांत मोठ्या पडद्यांवर उतरत. शाळांनी आपली मुले या संग्रहालयांत आणली होती. दोन लाखांहून अधिक मुलांनी त्या दिवसांत समुद्रतळावरील गरम पाण्याचे झरे आणि एका प्राचीन रोमन जहाजाचा विखुरलेला माल पाहिला. शास्त्रज्ञ तो पाहत होते त्याच क्षणी. पुढे काय दिसेल ते मुलांना ठाऊक नव्हते आणि बॅलार्ड यांनाही नव्हते. या अज्ञानातली बरोबरी हाच त्या कार्यक्रमाचा प्राण होता.

मुख्य म्हणजे ध्वनी दोन्ही बाजूंनी जात होता. संग्रहालयातील मूल प्रश्न विचारी आणि जहाजावरचा शास्त्रज्ञ उत्तर देई. भूस्थिर उपग्रह सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असतो. आवाज तिथवर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, आणि उत्तराला परतायला आणखी पाव. प्रश्न आणि उत्तर यांमधली ती अर्ध्या सेकंदाची शांतता हे या कार्यक्रमाचे वैशिष्ट्यच म्हणायला हवे. चित्रफितीत अशी शांतता नसते, कारण तिथे उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार असते. पुढच्या मोहिमांत तर काही मुलांनी दूर अंतरावरून यंत्रमानव चालवूनही पाहिला.

'जेसन'च्या यशाचे श्रेय उपग्रहाला देण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. प्रक्षेपणाच्या कितीतरी आधीपासून शाळांतून त्या विषयाचा अभ्यास चाले, शिक्षकांना तयार केले जाई. मूल संग्रहालयात येई ते काहीतरी विचारायचे घेऊन येई. जिथे ही पूर्वतयारी नसते तिथे थेट प्रक्षेपण म्हणजे महागडा सिनेमा ठरतो.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने २००२ साली 'डार्विन सेंटर'चा पहिला भाग उघडला, तेव्हा याच विचाराला आणखी एक अंग फुटले. मोठ्या निसर्गसंग्रहालयांत प्रेक्षकांना दिसते ते अगदी थोडे. त्यामागे कोठारे असतात आणि कोठारांत शेकडो संशोधक काम करीत असतात. स्पिरिटमध्ये जतन केलेले सुमारे २ कोटी २० लाख नमुने आणि त्यांवर काम करणारी माणसे या इमारतीमुळे प्रथमच लोकांच्या टप्प्यात आली. संशोधक आपल्या टेबलावरचा मासा किंवा किडा घेऊन बाहेर येऊ लागले व समोर बसलेल्या मुलांशी बोलू लागले. संग्रहालय हे मेलेल्या वस्तूंचे घर नसून चालू कामाचे ठिकाण आहे, हे सांगण्यासाठी एवढी मोठी इमारत बांधावी लागली.

महाराष्ट्रात या परंपरेचे नाव घ्यायचे तर पुण्याच्या 'आयुका'चे घ्यावे लागेल. १९८८ साली ही संस्था स्थापन झाली आणि जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक झाले. शाळकरी मुलांसाठी शनिवारची सप्रयोग व्याख्याने, उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना काही दिवस एकेका संशोधकाबरोबर काम करण्याची संधी, आणि पुढे 'पुलस्त्य' या वास्तूतील मुक्तांगण विज्ञान शोधिका, असा हा विस्तार होत गेला. पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून ही वास्तू उभी राहिली. तिच्या नावात सप्तर्षींतला एक तारा आहे आणि पु. ल. ही आहेत. अरविंद गुप्ता यांनी काडेपेट्या, सायकलच्या ट्यूब आणि टाकाऊ बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी करण्याचे काम अनेक वर्षे इथेच बसून केले.

परंतु या सर्वांत आम्हांस मोलाचे वाटते ते नारळीकरांचे पोस्टकार्ड. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी गर्दी करीत. नारळीकर वहीवर स्वाक्षरी देत नसत. मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी स्वाक्षरी येईल, असे ते सांगत. आणि उत्तरे येत. यात उपग्रह नाही, सभागृह नाही, तिकीट आहे ते पोस्टाचे. खेड्यातल्या मुलालाही परवडेल अशा कार्डाने ते विश्वोत्पत्तीवर काम करणाऱ्या माणसाच्या टेबलापर्यंत पोचत होते. थोर माणसाची खूण जवळ बाळगण्याच्या आपल्या हौसेला त्यांनी अशी कलाटणी दिली, की स्वाक्षरी हवी तर आधी विचार करायला लागा. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा पुष्कळ घरांतून ही कार्डे जपून ठेवलेली असणार याची आम्हांस खात्री वाटली.

नारायणगावाजवळ खोडदला महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस ॲन्टेना शेतांमधून पसरलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला इथे आसपासच्या ग्रामीण शाळांची मुले आपापली उपकरणे घेऊन येतात आणि दुर्बिणीवर काम करणारे संशोधक ती पाहत फिरतात. येथे दिशा उलटी झाली आहे: दाखवणारे मूल आहे आणि विचारणारा शास्त्रज्ञ. फॅरेडेचे ते बांधीव हस्तलिखित डेव्हीने उघडून पाहिले, त्याचेच हे रूप.

एक जुनी आठवण इथे सांगावीशी वाटते. आम्ही शाळेत असताना आम्हांला एका विज्ञान केंद्रात शास्त्रज्ञांच्या भेटीला नेले होते. 'विद्यार्थ्यांचे प्रश्न' हा कार्यक्रमपत्रिकेतला शेवटचा भाग. प्रश्न आदल्या दिवशीच बाईंनी चिठ्ठ्यांवर लिहून पाच हुशार मुलांना वाटले होते. पाचही प्रश्न विचारून झाले, पाचही उत्तरे झाली. आणि मागच्या रांगेतल्या एका मुलाने आगाऊपणे हात वर केला. त्याने विचारले, "तुमचा प्रयोग फसला की तुम्ही काय करता?" बाईंनी डोळे वटारले, मुलगा खाली बसला. पाहुणे मात्र पहिल्यांदाच हसले आणि काही बोलू लागले. तोच आभारप्रदर्शनाची घोषणा झाली. त्या पाच उत्तरांतले एकही आज आमच्या लक्षात नाही. जे उत्तर दिले गेले नाही तेवढे आठवते.

२०२० च्या महामारीत सगळी संग्रहालये बंद झाली आणि शास्त्रज्ञ आपापल्या घरांतून मुलांशी बोलू लागले. 'जेसन'साठी जे जहाज, ॲन्टेना आणि बारा सभागृहे लागली, ते काम आता एक फोन करतो. तिकिटाचा खर्च जवळजवळ संपला असे म्हणता येईल. पण डान्सने दिलेल्या तिकिटाचे खरे मोल कागदात नव्हते. दुर्मीळ होत्या त्या दोन गोष्टी, आणि त्या अजूनही तितक्याच दुर्मीळ आहेत: काम करणाऱ्या माणसाने कामातून उठून दिलेला एक तास, आणि मुलाने कुणाला न विचारता विचारलेला प्रश्न. पहिली गोष्ट फॅरेडे, रामन, नारळीकर यांनी दिली. कारण मुलांशी बोलणे त्यांना आपल्या कामाबाहेरचे वाटले नाही. दुसरी गोष्ट शास्त्रज्ञाच्या हातात नाही. ती आपल्या हातात आहे. शिक्षकांच्या, पालकांच्या, कार्यक्रमपत्रिका आखणाऱ्यांच्या. चिठ्ठ्या न वाटणे एवढेच त्यासाठी पुरे आहे. मागच्या रांगेतला हात वर गेला की तो तसाच राहू द्यावा, आणि आभारप्रदर्शन थोडे पुढे ढकलावे.